एका क्लिकने उघडणारं फोल्डर

बाबांचा कंपवात वाढला तेव्हा मी ठाण्यातलं ऑफिस सोडून घरून काम घेतलं. डोंबिवलीतलं आमचं घर दोन खोल्यांचं. एका खोलीत मी हेडफोन लावून बसायचे, दुसऱ्या खोलीत बाबा कॉम्प्युटरसमोर. त्यांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली. त्यांची सगळी चित्रं दादाने स्कॅन करून जुन्या कॉम्प्युटरवर ठेवली, त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं आणि तो बंगळुरूला परत गेला.

दर दहा मिनिटांनी हाक यायची, "अगं, उघडत नाही गं!"

उघडणार कसं? डबल क्लिक करताना हात थरथरायचा आणि फाइल भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडायची. शिवाय समोर नुसती नावं, तीही आकड्यांची. कुठलं चित्र कुठलं, काही कळायचं नाही. मी उठायचे, शोधून द्यायचे, परत यायचे. मीटिंगमध्ये लोक माझं नाव घेऊन थांबलेले असायचे.

एकदा मी ओरडले, "बाबा, मला पाच मिनिटं तरी बसू द्या!" दुपारपर्यंत हाक आली नाही. जाऊन पाहिलं, तर माऊस धरून नुसतेच बसलेले.

मी दादाला फोन लावला. "फाइल मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये बघ. मी कामात आहे," म्हणून त्याने ठेवला.

मग मीच बसले. नावांच्या यादीच्या जागी चित्रंच दिसतील असा व्ह्यू केला. आयकॉन वाढवत वाढवत तळहाताएवढे केले. आणि एका कोपऱ्यात सापडलं: एका क्लिकने उघडा. इतकी साधी गोष्ट, आणि सात महिने ती शोधायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बाबांनी माऊसवर बोट टेकवलं. खाडीतल्या होड्यांचं चित्र पडदाभर उघडलं. ते माझ्याकडे न बघताच पुढच्या चित्राकडे वळले.

संध्याकाळी मी न सांगता खाली उतरले. नाक्यावर रिक्षावाल्याने विचारलं, "कुठे, मॅडम?" मी हातानेच नको म्हटलं. कोथिंबिरीची जुडी घेतली नि वर आले.

"कुठे गेलेलीस?"

"खाली."

"मला कळलंच नाही," बाबा खुशीत म्हणाले. मी कोथिंबीर ओट्यावर ठेवली.

"बाबा, मी आठवड्यातून एकदा ऑफिसला जाऊ?"

ते घड्याळाकडे बघत राहिले. "किती वाजता येशील?"

"चारपर्यंत."

"शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन ठेव."

ऑफिसचा वार शुक्रवार ठरला. पहिल्या शुक्रवारी निघाले, जिन्यातून दोनदा परत वर आले, कानोसा घेतला. आतून माऊसची टकटक ऐकू येत होती. मग मात्र गेले. दिवसभर फोन हातातून सुटला नाही, आणि अडीचलाच घरी परतले.