ज्याचं नाव ठेवायचं होतं, त्याची मूठ

मला वास आला नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

सुरतेत भेस्तानला आमच्या खोलीत मी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते. त्या गोंदाचा वास एरवी माझ्या नाकाला कळतसुद्धा नाही. पण दिवस राहिल्यापासून डबा उघडला की मी मोरीकडे धावायचे. नवरा हसून म्हणायचा, आतापासूनच तुला पळवायला लागलंय. मला त्या उलट्यांचा राग नव्हता. आत कुणीतरी आहे, एवढा तरी त्यांचा आधार होता. आणि एका सकाळी मी डबा उघडला, खडे लावले, अख्खी साडी पुरी झाली, तरी पोटात काही ढवळलं नाही. आदल्या वर्षी असंच झालं होतं. उलट्या अचानक थांबल्या म्हणून मी खुळी खूश झाले, गावाकडे फोन करून सगळ्यांना सांगत सुटले, आणि आठवडा उलटायच्या आत सगळं वाहून गेलं. म्हणून या खेपेला नवऱ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.

तसेच आम्ही दोघं उधन्याला डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी सोनोग्राफी केली. पिशवी दिसतेय, म्हणाल्या, ठोके अजून दिसत नाहीत, पण फार लवकर आहे, असं होतं. पुढच्या मंगळवारी परत बघू. मळमळ कधी असते, कधी नसते, तिच्यावरून काही ठरवू नका. रक्त दिसलं किंवा पोटात जोरात दुखलं तर मात्र वाट न बघता यायचं, आणि गोळी चुकवायची नाही. बिचारीनं सगळं नीट समजावलं. माझ्या कानात मात्र तेवढंच राहिलं, की ठोके दिसत नाहीत.

त्यात नेमकी कानबाई आली. खान्देशातून सुरतेत आलेल्या आमच्यासारख्यांच्या घरी श्रावणातल्या एका रविवारी ही देवी नारळाच्या रूपात बसते, नथ घालून, बांगड्या लेवून, आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर तिची पाठवणी होते. मी मनात ठरवलं होतं, या खेपेला तिच्याशी बोलायचंच नाही. आदल्या वर्षी पदर पसरून मागितलं होतं. तिनं दिलं आणि काढून घेतलं. असं कुणी शेजारीणसुद्धा करत नाही.

कानबाईच्या नैवेद्याचे रोट ज्या गव्हाचे करतात, तो गहू घरच्यांच्या नावानं मुठीमुठीनं मोजून घ्यायचा असतो. काही घरांत फक्त पुरुषांच्या नावाची मूठ टाकतात. आमच्या सासूबाई बायकापोरी सगळ्यांची टाकतात, त्यावरून भाऊबंदांत बोलणी खातात आणि तरी टाकतात. त्या दिवशी सासऱ्यांची, माझ्या नवऱ्याची, दिराची, स्वतःची, माझी, अशा मुठी परातीत पडल्या. मग त्यांनी आणखी एक मूठ भरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘आनि ही त्यानी, ज्यानं नाव अजून ठेवानं शे.’’ एवढ्याशा खोलीत उलट्या लपतात होय! माझं मात्र डोकंच फिरलं. जे आहे की नाही याचाच पत्ता नाही, त्याच्या नावानं गहू? मी ओरडले, ‘‘काढा ती मूठ! ठोके नाहीत त्याला. काढा म्हणते ना!’’ सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांना ठोक्यांचं ठाऊक नव्हतं. त्या हलकेच म्हणाल्या, ‘‘टाकेल मूठ परत काढतस नही, बेटा.’’ आणि गहू पाखडायला घेतला. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

रविवारी मी आरतीला मागे उभी राहिले, हात जोडले नाहीत. सोमवारी तापीच्या घाटावर ही गर्दी! डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया, फुगड्या, गाणी, ढोल. सासूबाई आमची कानबाई घेऊन पुढे पाण्याकडे गेल्या, मी काठालाच थांबले. एवढ्यात भज्यांच्या गाडीवरून जळक्या तेलाचा भपका आला आणि काही कळायच्या आत मी कठड्याला धरून भडाभडा ओकायला लागले. कुणीतरी मागून माझं कपाळ धरलं, दुसऱ्या हातानं पाठ चोळली. ‘‘टाक गं बाई, समदं टाक.’’ बोलण्यावरून मराठवाड्याकडची वाटत होती, वयानं आईएवढी. तिनं मला पाणी दिलं, तोंड धुतलं आणि विचारलं, ‘‘कितवा?’’

मी म्हटलं, ‘‘राहतंय की नाही तेच माहीत नाही.’’

‘‘तुला कशाला माहीत पाहिजे? तू जेव, झोप. बाकीचं तिच्याकडं दे की,’’ तिनं पाण्याकडे मान उडवली.

सासूबाई ओल्या लुगड्यानं धावत आल्या, तेव्हा मी रडतही होते आणि हसतही होते. ‘‘उलटी व्हयनी ते हासस काय वं, येडी?’’ म्हणाल्या. मी त्या बाईला दाखवायला वळले, तर ती गर्दीत मिसळून गेली होती. देवीच आली होती असं मी म्हणत नाही. तिच्या कमरेला मोबाईल खोचलेला होता. उलटी झाली म्हणून सगळं ठीक आहे असंही नव्हतं, डॉक्टरबाईंनी आधीच तसं बजावलं होतं. पण मी तिथंच पाण्याकडे बघून पहिल्यांदा हात जोडले आणि म्हणाले, घे बाई, तूच बघ आता. त्या रात्री मला जी गाढ झोप लागली, तशी कित्येक दिवसांत लागली नव्हती. माझ्यापुरती कृपा म्हणाल तर तीच.

मंगळवारी डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी, आणि त्यात लुकलुक, लुकलुक. ‘‘हे बघा ठोके,’’ म्हणाल्या. नवऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. घरी आल्यावर सासूबाईंनी माझ्या ताटात एक रोट वाढला, मग पोटातल्याच्या वाट्याचा आणखी एक ठेवला. रोट घरच्यांनीच संपवायचा असतो. ‘‘त्याना वाटाना बी तूच खा,’’ म्हणाल्या. मी दोन्ही खाल्ले आणि दोन्ही बाहेर काढले. या वेळी मात्र मोरीकडे जातानासुद्धा मला हसू येत होतं.

ती मूठ टाकणं माझ्या हातात नव्हतं आणि काढणंही नव्हतं, हे कळायला मला एवढं सगळं लागलं. माय कानबाई, मी भांडले ते पोटात घाल. वर्ष उलटलं, आणि परवा पुन्हा कानबाईचा गहू मोजायला बसलो. लेक मांडीवर होती. सासूबाईंनी तिचा हात परातीत नेला, तर तिनं गहू असा घट्ट धरला की सोडेचना. बोटं उघडायला आम्ही दोघी लागलो. शेवटी सहा-सात दाणे खाली पडले. ‘‘नाव ले,’’ सासूबाई म्हणाल्या.

मी तिचं नाव घेतलं. शेजारपाजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.