झेंडूखालचा दिवा

तापू लागलेल्या डांबरावर चिरडलेल्या झेंडूचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? देव्हाऱ्यातला झेंडू संयमी असतो, उदबत्तीच्या धुरात आपला गंध मिसळून गप्प बसतो. पण रस्त्यावर चाकाखाली आलेला झेंडू मात्र कडवट, हिरवट, उग्र उसळतो आणि सगळी हवा आपल्या नावावर करून घेतो. वाशीमच्या वेशीवरच्या गोल चौकात, खंडेनवमीच्या सकाळी, मी तो वास भरभरून घेतला. फुलांचा तो सडा माझ्याच हातून पडला होता, म्हणून तो विसरणं मला शक्य नाही. आणि खरं सांगायचं तर विसरावंसं वाटतही नाही.

मी गणिताची शिक्षिका. आयुष्यभर फळ्यावर वर्तुळं काढली. त्रिज्या, जीवा, स्पर्शिका मुलांना समजावून सांगितल्या. पण वर्तुळाच्या आत चारचाकी घेऊन शिरण्याचा प्रसंग वयाच्या चौपन्नाव्या वर्षी आला. गाडी शिकले तेव्हा घरच्यांनी कौतुकापेक्षा काळजीच जास्त केली. मला मात्र त्या स्टिअरिंगने दुसरं तारुण्य दिलं होतं! सकाळचं ऊन काचेवर घेत, सोयाबीनच्या कापणीला आलेल्या रानांकडे पाहत शाळेला जाण्यात काय सुख आहे, ते एसटीच्या दांडीला लोंबकळून तीस वर्षं काढलेल्या माणसालाच विचारावं.

त्या दिवशी शाळेत सरस्वतीपूजन होतं आणि मला उशीर झाला होता. गोल चौक तीन वर्षांपूर्वी झाला. मधोमध गवताचा उंचवटा, भोवती दोन पदरी रस्ता, आणि चार दिशांनी येणारे चार प्रवाह. मला समोरचा रस्ता सोडून पुढच्या, उजवीकडच्या रस्त्याला लागायचं होतं. मी डाव्या, म्हणजे बाहेरच्या पदरातून तशीच आत शिरले. उजवीकडून, आतल्या पदरातून, एक मालवाहू ऑटो फिरत येत होता. तो मला दिसला होता. दिसला होता, हे मी आज मोकळेपणी लिहिते आहे. त्या क्षणी मात्र मनाने इतकंच म्हटलं की तो पुढे गोल फिरेल, आपण कडेने निघून जाऊ. मनाचं गणित किती झटपट असतं, आणि किती सोयीचं!

ऑटो पुढे फिरला नाही. त्याला समोरच्या, बाजाराच्या रस्त्याला बाहेर पडायचं होतं. तो डावीकडे वळला, मी गोलाच्या कडेने पुढे गेले, आणि एक बोथट आवाज झाला. ऑटोचं नाक माझ्या उजव्या चाकाजवळ आदळलं, मागची दोन पोती उलटली आणि केशरी-पिवळ्या फुलांचा लोंढा रस्त्यावर पसरला.

ऑटोतून पन्नाशीचे एक गृहस्थ उतरले. पांढरा सदरा, कपाळाला ताजं कुंकू. त्यांच्यामागून त्यांची बायको. फुलांकडे न पाहता ते आधी माझ्या खिडकीशी आले.

“मॅडम, तुमाले लागलं तं नाही ना?”

मी मान हलवली. ते उत्तमराव, आणि त्या द्वारकाबाई; इंझोरीचे शेतकरी. घरच्या एक एकरात पहिल्यांदाच झेंडू लावला होता आणि तो विकायला भल्या पहाटे निघून वाशीमला आले होते. हे मला नंतर कळलं. त्या वेळी आम्हा तिघांना घेरून गर्दी उभी राहिली होती, आणि दोष कोणाचा हे त्या गर्दीने आमच्याआधी ठरवूनही टाकलं होतं.

“खेड्यावरून येतात अन् सरकलमंदी कसेबी घुसतात!” एक जण म्हणाला. “इंडिकेटर तरी द्या लागते की नाही?”

“देल्ला होता भाऊ,” उत्तमराव म्हणाले. “खोटं कायले बोलू?”

“कुठी दिसून राह्यला तुमचा इंडिकेटर?”

खरंच, कुठे दिसत नव्हता. खंडेनवमीची पूजा म्हणून ऑटोचं सारं नाक झेंडूच्या माळांनी मढवलं होतं. एवढ्यात गर्दीतून औषधांच्या दुकानाचा मालक पुढे आला. माझा वीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. मला पाहून तो उजळला आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “अरे, ह्या तं आमच्या गनिताच्या मॅडम! मॅडमचं गनित चुकनं शक्यच नाही!”

लोक हसले, आणि निकाल लागला. तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला जे वाटलं त्याची मला आजही लाज वाटते. मला सुटल्यासारखं वाटलं. आदर नावाची ही किती ऊबदार शाल, आणि तिच्याखाली काय काय सहज झाकून जातं! मी गप्प बसले असते तर कोणी मला काहीही विचारलं नसतं.

वाहतूक हवालदार आले. त्यांनी दोन्ही गाड्या पाहिल्या, वही काढली आणि मलाच विचारलं, “मॅडम, तक्रार लिहाची का? लिहाची असन तं हा ऑटो ठाण्यात न्या लागते. आज सुटीचा दिवस, साहेब येतीन तवा पंचनामा.”

द्वारकाबाई तोवर रस्त्यावर बसून पदरात फुलं वेचत होत्या. त्यांचे हात थांबले. उरलेल्या पोत्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं. झेंडूची किंमत आज आणि उद्या, दसऱ्यापर्यंत. परवा तीच फुलं गुरांपुढे टाकायची. तीन महिने निंदण केलं, पाणी दिलं, ते सगळं त्या एका नजरेत होतं, आणि ती नजर माझ्या एका शब्दाकडे लागली होती.

मी गाडीतून उतरले. तीस वर्षांची सवय कामी आली. उदाहरण समोर असलं की मला ते मांडल्यावाचून राहवत नाही. मी द्वारकाबाईंच्या पदरातली मूठभर फुलं मागून घेतली आणि माझ्या गाडीच्या बॉनेटवर त्यांचं एक वर्तुळ केलं, त्याच्याबाहेर दुसरं. गर्दी वाकली. हवालदारही वाकले.

“हे केशरी फूल म्हणजे या भाऊंचा ऑटो. तो आधीच गोलात होता. हे पिवळं मी. मी बाहेरून आत आले.” मी पिवळं फूल सरकवलं. “गोलात जो आहे, जो आपल्या उजवीकडून येतो आहे, त्याला आधी जाऊ द्यायचं. मी थांबले नाही. पहिली चूक इथे. मला जायचं होतं लांब, उजवीकडे. म्हणजे माझा पदर आतला. मी बाहेरचा धरला. दुसरी चूक. आता हवालदारसाहेब, तक्रार कोणाची लिहायची?”

माझा विद्यार्थी माझ्याकडे असा पाहत होता, जणू पायथागोरसानेच आपलं प्रमेय मागे घेतलं! हवालदारांनी टोपी मागे सारली.

“पन मॅडम, त्यायनंबी आतून एकदम बाहेर काहाडला ना. बाहेर पडाच्या आदी डाव्या पट्टीत याले पाह्यजे. अन् इंडिकेटर?”

“देल्ला होता म्हनून तं सांगून राह्यलो,” उत्तमराव कळवळून म्हणाले.

तेव्हा द्वारकाबाई उठल्या. पदर खोचून सरळ ऑटोपाशी गेल्या आणि त्यांनी डाव्या बाजूची जाडजूड माळ दोन्ही हातांनी उचलली. तिच्याखाली पिवळा दिवा इमानाने उघडझाप करत होता! कोणी बघो न बघो, तो बिचारा मघापासून सांगतच होता की आम्ही डावीकडे वळतो आहोत.

आधी हवालदार हसले, मग उत्तमराव, मग सारा चौक. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“म्याच म्हनलं होतं, तिकडूनबी एक माळ लावा म्हून,” द्वारकाबाई म्हणाल्या. “पूजा केली देवाची, अन् डोयेच झाकले गाडीचे! थोडं आमचंबी चुकलंच, मॅडम.”

दोष असा दोघांत वाटला गेला, आणि काय आश्चर्य, वाटल्यावर तो हलका झाला! न्यायाच्या मोठमोठ्या इमारती मी वाशीमात रोज पाहते. पण न्याय होताना पाहिला तो त्या उघड्या रस्त्यावर, माझ्याच चेपलेल्या गाडीच्या बॉनेटवर. हरल्याचं दुःख मला झालं नाही. उलट छातीवरून कोणी वजन उतरवावं, तसा श्वास मोकळा झाला. हवालदारांनी वही मिटली.

एक अडचण मात्र उरली. ऑटोचं मडगार्ड वाकून पुढच्या चाकाला घासत होतं. मेकॅनिक येईपर्यंत तो हलणार नव्हता, आणि बाजार तर भरला होता. माझी गाडी चेपली असली तरी चालत होती. मी मागचं दार उघडलं. औषधांच्या दुकानाचा मालक पहिला पुढे आला. त्याने पोती उचलली आणि बाकीच्यांनी हात लावला. मघा उत्तमरावांना बोल लावणारा माणूस आता गुडघ्यांवर बसून सांडलेली फुलं निवडत होता. मागची सीट, डिकी, पाय ठेवायची जागा, सगळीकडे झेंडू. मी शाळेत फोन करून सांगितलं की पूजा उरका, मी नंतर येते.

उत्तमराव ऑटोपाशी थांबले. द्वारकाबाई माझ्या शेजारी बसल्या, मांडीवर एक गाठोडं घेऊन. त्यांची कारच्या पुढच्या सीटवर बसण्याची ही पहिलीच वेळ. मी गाडी सुरू केली, पण गिअर टाकायला घुटमळत होते. त्यांच्या ते ध्यानात आलं असावं.

“भेवू नका, मॅडम,” त्या म्हणाल्या. “इकडचं म्या पाह्यतो, तुमी तिकडचं पाहा.”

बाजाराकडे जाताना आणखी एक गोल लागतो, लहानसा, जुना. त्याच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. उजवीकडून एक ट्रॅक्टर आला, मग एक रिक्षा, मग दोन मोटारसायकली. मी सगळ्यांना जाऊ दिलं. ट्रॅक्टरवाल्याने चकित होऊन हात वर केला. बहुधा त्या चौकात त्याच्यासाठी आजवर कोणी थांबलं नसावं. आमच्या मागे मात्र भोंग्यांचा नुसता कल्लोळ उठला. पूर्वी अशा भोंग्यांनी माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जाई. आज तो ब्रेकवर निवांत होता.

द्वारकाबाईंनी काच खाली करायला सांगितली. मग डोकं बाहेर काढून, रानात दूरवर हाक मारावी तशा खणखणीत आवाजात त्या मागच्या साऱ्या गाड्यांवर ओरडल्या,

“काहून भोंगे वाजवून राह्यले रे? दम धरा ना बापा! गोलातल्याले आदी जाऊ द्या लागते!”

भोंगे थांबले. उजवीकडचा रस्ता मोकळा झाला. द्वारकाबाईंनी डोकं आत घेतलं, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, “चला आता. आता आपला नंबर.”