पत्र्यावरचे दोन ठोके

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. घरात कुणी नाही, तरी दार लावून लिहिते आहे — कुणाला लाजते मी?

मी शाळेच्या बसवर पोरं सांभाळणारी बाई होते. केळझरकडची पोरं वर्ध्याच्या शाळेत न्यायची, परत आणायची. थांबा आला की आधी आपण उतरायचं, मूल उतरवून घरच्यांच्या हाती द्यायचं, चाकांजवळ कुणी नाही हे वाकून बघायचं. मग बसच्या पत्र्यावर दोन ठोके. ते ऐकल्याशिवाय ड्रायव्हर प्रल्हादभाऊ गाडी हलवत नसत.

एका थांब्यावर पानठेला होता. मी उतरले की तिथली माणसं बघत राहायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून मी तिथे उतरणंच सोडलं. पायरीवरून मूल सोडायचे. आणि ठोके? ते माझी स्नेहल द्यायची. दुसरीत होती, त्याच बसने यायची. खिडकीतून हात काढून ठोकायला तिला मजा वाटायची.

प्रल्हादभाऊंनी एकदा आरशातून बघत म्हटलंही, "बाई, हा ठोक्याचा हात तुमचा नाई. मले समजते ना! उतरत जा जी खाली." मी पदर सावरला. दुसऱ्या दिवशीही उतरले नाही.

मग तो दिवस. पहिलीतली आर्या उतरली. तिची पाण्याची बाटली घरंगळत मागच्या चाकाकडे गेली — हे मला नंतर कळलं. मी आत कुणाचं तरी दप्तर सोडवत होते. स्नेहलने सवयीने ठोकलं. बस हलली. आर्याची किंकाळी...

तिचा पाय वाचला. पण ती अजून लंगडते.

शाळेत सगळे जमले. प्रल्हादभाऊ एवढंच म्हणाले, "म्या ठोके आयकले, मंगच गाडी काढली." मोठ्या सरांनी मला विचारलं. मी म्हणाले, मी नाही ठोकलं. खोटं होतं का ते? शब्द खरा होता. आणि मी आर्याला हाताला धरून उतरवलं, असंही म्हणाले — ते तर सरळ खोटंच. आर्याची आजी रडत म्हणाली, "एवढी गरीब बाई, ते काऊन खोटं बोलन?" कधी न बोलणारी बाई — तिच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला.

प्रल्हादभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पदराआड उभ्या स्नेहलकडे. त्यांना हात समजत होता. तरी त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. त्यांची नोकरी गेली.

घरी स्नेहलने विचारलं, "आई, मी ठोकलं होतं ना?" मी म्हणाले, "नाही बेटा, तू तर झोपली होतीस." लेकीसाठी लपवलं असं म्हणता येईल. पण त्या घडीला मला लेक आठवली नव्हती. फक्त सगळ्यांचे डोळे दिसत होते.

आता प्रल्हादभाऊ कारंज्याला एका धाब्यावर भांडी घासतात. मागे दिसले. हात पुसत जवळ आले. "पोरगी मोठी झाली असन ना, बाई?" मी मान हलवली. तेवढंच.

स्नेहल कॉलेजात जाते. मी सोबत असताना रस्त्यात आर्या दिसली की मैत्रिणींना सांगते, "त्या ड्रायव्हरनं न बघताच गाडी काढली होती. माझी आई होती तिथं, विचारा."

त्या माझ्याकडे बघतात. मी हो म्हणते.