ताईंची दुसरी नजर

सुलभाताई गेल्याचं मला सकाळी सात वाजता कळलं आणि साडेआठला मी त्यांच्याच टेबलावर एक स्लाइड ठेवून आलो. सोबत चिठ्ठी : ‘ताई, एकदा बघाल का?’

जेद्दातल्या आमच्या इस्पितळाच्या लॅबमध्ये अकरा वर्षं माझ्या प्रत्येक स्लाइडवरून ताईंची नजर फिरायची. हात सवयीने तिकडे गेला. त्यांच्या यजमानांचा फोनवरचा आवाज कानात तसाच होता... ‘अरे, पोळ्या लाटता लाटता खाली बसली, ती उठलीच नाही.’ आदल्या दुपारी तर याच बाईने मला कँटीनचं गिळतो म्हणून झापलं होतं! आज पाच आठवडे झाले, तरी मला यजमानांचं ते वाक्य खोटंच वाटतं.

ताई नाशिकच्या, मी चिपळूणचा. पहिल्याच महिन्यात मी पराक्रम केला. योनीमार्गातला स्राव काचेवर पसरून रंगवायचा. चांगले जंतू जांभळे दिसतात, उपद्रवी बहुतेक गुलाबी. कोण किती, त्यावर शून्य ते दहा गुण. शेजारच्याला किस्सा सांगता सांगता मी जादा रंग धुवायचं स्पिरिट ओततच राहिलो. सगळं गुलाबी! दिले आठ गुण, म्हणजे तोल पार बिघडलेला. ताईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

‘आकार बघितलास? लांब, जाड दांडे. चांगलेच आहेत रे हे. तूच त्यांचा रंग धुतलायस!’

‘दुसरी करतो, ताई...’

‘कर. रिपोर्ट घ्यायला या बाईची सासू येऊन बसलीये. जंतूंचा तोल बिघडला की बाईच बिघडली, असं समजणारी माणसं असतात. आपण इथे जंतू मोजतो, घरी बाईला मोजतात.’

दुसरी स्लाइड जांभळीधमक निघाली. गुण, एक.

आणि ताई गेल्याचं कळलं त्या सकाळची ही स्लाइड सहा महिन्यांच्या गरोदर बाईची. धड जांभळी नाही, धड गुलाबी नाही. औषधाचं ठरवायला डॉक्टर खोळंबल्या होत्या. आमच्या लॅबमधली केरळची बीना आली, चिठ्ठी वाचली आणि तिने मला ताईंच्या खुर्चीवर बसवलं. मायक्रोस्कोपची भिंगं अजून ताईंच्या डोळ्यांच्या अंतरावर होती... ती माझ्या डोळ्यांपुरती सरकवली. मोजले : पाच. पुन्हा पाच. तिसऱ्यांदाही पाच. बीनाचेही पाच. रिपोर्ट गेला.

‘दीदी होतीं तो पता नहीं कितना देतीं,’ मी पुटपुटलो.

बीना म्हणाली, ‘पाँच ही देतीं. दो साल से तेरा और उनका नंबर अलग आया ही नहीं. तुझे जानबूझके नहीं बताया. बोलती थीं, बता दिया तो ये नालायक गिनना छोड़ देगा.’