टायपिंगबाई आणि अठरा घरं

टायपिंगबाईंनी शेवटचं टायपिंग शिकवलं त्याला वीस वर्षं उलटून गेली होती, पण नाव काही सुटलं नाही. कापडाच्या दुकानाच्या वर लांबलचक खोलीत बारा यंत्रं खडखडायची, त्यांच्यामधून हातात पट्टी घेऊन त्या फिरायच्या. मग क्लास बंद पडला. मालकाने यंत्रं भंगारात काढली आणि हौसेने आणून ठेवलेला एकुलता एक संगणक बाईंच्या गळ्यात मारला, कारण तो सुरूच होत नव्हता. बाईंनी घरी नेऊन नवऱ्याच्या स्क्रूड्रायव्हरने तो उघडला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, घरात हत्यारांना तोटा नव्हता. आत धुळीखेरीज काही बिघडलेलं नव्हतं. धूळ झटकली, संगणक चालू लागला, आणि बाईंचा दुसरा धंदाही.

आता छप्पन्नाव्या वर्षी त्या घरोघर जाऊन संगणक दुरुस्त करत. खांद्याला पिशवी, पिशवीत मऊ ब्रश, छोटी हत्यारं, भेटींची वही आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला पेनड्राइव्ह. साफसफाईचे सगळे प्रोग्राम त्या पेनड्राइव्हमध्ये असत. दुकानातली मुलं कुठलाही व्हायरस दिसला की सगळं पुसून संगणक नव्याने भरायची. बाईंना ते पटत नसे. "घरात ढेकूण झाले म्हणून कुणी घर पेटवत नाही," त्या म्हणत. "गादी उन्हात टाकायची, पलंग झाडायचा, फटी बघायच्या." लोकांना हे आवडे. फोटो, पत्रं, हिशेब, सगळं जागच्या जागी राही.

मोजणीदारांनी त्यांना बोलावलं ते याच कारणाने. चौतीस वर्षं जमिनी मोजून निवृत्त झालेले हे गृहस्थ धाकट्या बहिणीबरोबर दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि गावातल्या विहिरींचा नकाशा काढत होते. उघड्या, बुजवलेल्या, वर इमारत उभी राहिलेल्या, सगळ्या. दोनशे अकरा विहिरी झाल्या होत्या. नकाशा काढायचा प्रोग्राम इतका जुना होता की तो करणारी कंपनीच बुडाली होती. पुसला तर पुन्हा बसवायला परवाना मागायचा कुणाकडे?

"उघडला की लाल चौकट येते," मोजणीदार म्हणाले. "म्हणते, तुमचा संगणक धोक्यात आहे. बंद केली की दुसरी येते. काही शोधायला जावं तर भलतंच पान उघडतं."

"किती दिवस झाले, काका?"

"बारा. मागे तुम्ही धूळ झाडून, तपासून गेलात, त्यानंतर दोनच दिवसांनी."

बाईंनी पेनड्राइव्ह लावला, साफसफाईचा प्रोग्राम चालवला, नको ते दोन प्रोग्राम काढून टाकले, आणि तासाभरात पडदा निर्मळ झाला. चहा पिऊन त्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"बाई, पाहुणा परत आलाय."

या खेपेला त्यांनी फटी तपासल्या. संगणक स्वतःहून ठरलेल्या वेळी जी कामं करतो त्यांच्या यादीत एक काम प्रिंटरच्या नावाने लपलेलं सापडलं. या घरात प्रिंटरच नव्हता. "हा बघा, साव म्हणून बसलेला चोर," बाई म्हणाल्या. ते काम त्यांनी उडवलं, पुन्हा पेनड्राइव्ह लावून सगळा संगणक तपासला, आणि काही उरलं नाही याची खात्री करून घेतली. जिना उतरताना त्यांना स्वतःचं कौतुक वाटत होतं, आणि ते त्यांनी वाटू दिलं.

तिसऱ्या दिवशी लाल चौकट पुन्हा हजर.

तिसऱ्या भेटीत बाईंनी यंत्राऐवजी माणसांकडे पाहिलं. "याच्यावर तुमच्याशिवाय कोण बसतं?"

मोजणीदारांनी बहिणीकडे पाहिलं. ती खिडकीशी विणत बसली होती. चौसष्टची, सडसडीत, फारसं न बोलणारी. विणकामाचे नमुने ती संगणकावरून उतरवून घ्यायची. पुतणीच्या बाळाचा स्वेटर सुईवर होता.

"ताई, हे नमुने फुकट मिळतात ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"फुकटच्या वस्तूबरोबर काय काय घरात येतं ते आपल्याला दिसत नाही. आपण कीड झाडावर बघतो, ही वायरीतून येते. काही दिवस तुम्ही बसू नका बरं. मी खात्रीने सांगते, थांबेल."

बाईंचा आवाज क्लासमधला होता. बहीण सुया आणि लोकर घेऊन आतल्या खोलीत गेली. बाईंनी नेहमीप्रमाणे साफसफाई केली आणि निघून गेल्या.

आठवड्याने फोन आला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न तोच केला. "ताई बसल्या होत्या?"

"तिने हातसुद्धा लावला नाही. तुम्ही या. मला काही दाखवायचंय."

बाई पोचल्या तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मोजणीदारांनी टेबलावर वही उघडून ठेवली होती. जन्मभर मोजण्याची सवय, त्यांनी सगळंच मांडून ठेवलं होतं: संगणक कधी लावला, कधी बंद केला, कोण बसलं, बाई कधी आल्या, पेनड्राइव्ह कितीला लावला, चौकट कधी आली. अक्षर बारीक आणि सरळ.

"चौकट काढायला तीन वेळा तुम्ही येऊन गेलात," ते म्हणाले. "तिन्ही वेळा दुसऱ्यांदा संगणक लावला की चौकट. शेवटच्या खेपेला तुम्ही गेल्यावर मी पाच दिवस लावलाच नाही, तर काही नाही. सहाव्या दिवशी लावला, ठीक. सातव्या दिवशी लावला, आली."

"म्हणजे काका, तुमचं म्हणणं..."

"माझं म्हणणं काही नाही. आमच्या कामात एक रीत होती. मोजणी जुळेना की आम्ही जमिनीशी भांडत नसू, शेतकऱ्याशी तर नाहीच. आधी मोजायची साखळी तपासायची. वापरून वापरून कड्या ताणतात. साखळी वीतभर वाढलेली असते आणि आपण सगळ्या गावाला खोटं ठरवत बसतो."

बाईंनी वहीतल्या ओळी वरून खाली वाचल्या. मग त्यांनी पेनड्राइव्ह न लावताच पिशवी उचलली आणि "उद्या येते" म्हणून निघाल्या.

त्यांची भाची एका कचेरीत संगणक सांभाळायची. वाटेत एक सीलबंद पेनड्राइव्ह विकत घेऊन बाई तिच्याकडे गेल्या. भाचीने त्यावर साफसफाईचा प्रोग्राम थेट बनवणाऱ्यांच्या पानावरून उतरवून घेतला आणि बाजूच्या एका रिकाम्या संगणकाला बाईंचा जुना पेनड्राइव्ह लावला. मिनिटभरात पडद्यावर लाल ओळी आल्या. एक, दोन, सात.

"मावशी, तुझ्या साफसफाईवाल्यालाच लागण झालीय," भाची म्हणाली. "हा वरवरचं काढतो, आणि जाताना स्वतः काहीतरी ठेवून जातो. नंतर दुसऱ्यांदा संगणक लावला की ते जागं होतं."

"मग त्याला स्वतःचं सापडत कसं नाही?"

"चोराने स्वतःच्या घराची झडती घेतल्यावर काय सापडणार?"

बाईंना आठवायला वेळ लागला नाही. चार महिन्यांपूर्वी त्यांनी या प्रोग्रामची नवी आवृत्ती झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावरून घेतली होती. घरी इंटरनेट नव्हतं. म्हणूनच घरच्या संगणकावर लाल चौकट कधी उमटली नाही. तिला बाहेरून बोलावणं लागायचं. झेरॉक्सवाल्याचा दोष म्हणावा तर त्यालाही कुणीतरी आणूनच दिलं असणार. बाईंनी वही काढली. चार महिन्यांत त्या अठरा घरांत गेल्या होत्या. काखेत कळसा, आणि वळसा तर साऱ्या गावाला घालून झाला होता.

घरी नवरा जेवायला आलेला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"कुणाला कळलंय?"

"मोजणीदारांना अंदाज आलाय."

"बाकी सतरांना?"

"नाही."

"मग बिघाड झाला की लोक बोलावतीलच. जायचं, दुरुस्त करायचं. कशाला सांगत सुटतेस? आमच्याकडे लिफ्ट अडकली तर आम्ही आधी आतल्या माणसाला बाहेर काढतो, चूक कुणाची ते नंतर."

"तुम्ही लिफ्ट अडकवून ठेवत नाही ना पण."

"अडकवली एकदा," तो म्हणाला. "बोल्ट उलटा बसवला होता. सांगितलं नाही." मग हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी बाई प्रथम मोजणीदारांकडे गेल्या, पण बोलल्या त्या बहिणीशी. स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून त्यांनी सरळ सांगितलं, "ताई, तुमच्या नमुन्यांतून काही आलं नव्हतं. माझ्या पेनड्राइव्हमधून आलं. मी तुम्हाला उगाच बोलले. चुकलं माझं."

बहिणीने गॅस बारीक केला. "मी आठ दिवस त्याला शिवले नाही," ती म्हणाली. "स्वेटर बाहीपाशी अडकलाय. भावाने दोनदा विचारलं, काय उतरवलंस ते नीट आठव. या घरात साठ वर्षांत मला कुणी काही चोरलंस का असं विचारलं नव्हतं."

मोजणीदार बाहेरच्या खोलीत होते.

"आता पुन्हा बसा तुम्ही," बाई म्हणाल्या.

"आधी तुम्ही बसा. मी बघते काय करता ते."

ती खुर्ची घेऊन शेजारी बसली आणि एकेका पायरीला "हे काय?" विचारत राहिली. एरवी पाऊण तासाचं काम, त्याला दोन तास लागले. बाईंनी नवा पेनड्राइव्ह लावला, लपलेलं काम उडवलं, जिथे जिथे काही ठेवून गेलेलं होतं तिथून ते काढलं, संगणक तीनदा बंद-चालू केला. बहिणीने तिन्ही वेळा पडद्यावरची वेळ भावाच्या वहीत लिहिली. चौकट आली नाही. पुढेही आली नाही. चहा मात्र त्या दिवशी कुणी विचारला नाही.

मग उरलेली सतरा घरं. त्याला तीन आठवडे लागले. दातांच्या डॉक्टरांनी दारातूनच सांगितलं, "मला तर काही त्रास नाही, राहू द्या." त्यांना पटवायला बाईंना दोन रोग्यांच्या मध्ये बसून राहावं लागलं. एका वृद्ध जोडप्याला लाल चौकट संगणकाचाच भाग वाटत होती. रोज सकाळी आजोबा ती इमानेइतबारे बंद करायचे. ती गेल्यावर ते जरा हिरमुसले, आता काही राहिलं तर नाही ना म्हणून. शाळेतल्या कारकुनाने शांतपणे दुरुस्ती करून घेतली आणि संध्याकाळपर्यंत चार ठिकाणी सांगितलं की कुंपणच शेत खातंय. त्या चार ठिकाणांहून बाईंना पुन्हा बोलावणं आलं नाही.

सगळ्यात जड गेलं ते शिकवणी घेणाऱ्या सरांचं घर. त्यांच्याकडे जायला बाईंना उशीर झाला होता. चौकटींना कंटाळून त्यांनी संगणक दुकानात दिला होता, आणि दुकानाने रिवाजाप्रमाणे सगळा पुसून दिला होता. दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेल्या. सरांनी आवाज चढवला नाही.

"पुसू नका असं तुम्हीच सांगायचात ना?" ते म्हणाले.

"हो."

"मग तुम्हालाच बोलावून बघू म्हणत होतो. पण मंडळी म्हणाली, गेल्या वेळी त्यांनी केलं ते कुठे टिकलं?"

पुसलेलं काही परत मिळतं का ते बघते, असं बाई म्हणाल्या. दोन दिवस तो संगणक त्यांनी घरी नेऊन खटपट केली. एकवीस प्रश्नपत्रिका निघाल्या, त्यांतल्या निम्म्या अर्धवट. त्या त्यांनी सरांना दिल्या. सरांनी घेतल्या, आभार मानले आणि दार लावून घेतलं. बाई जिना उतरल्या. त्या दिवशी आणखी दोन घरं ठरली होती.

अठरावं घर सापडेना. तिथली शिवणकाम करणारी बाई जागा बदलून गेली होती. शेजाऱ्यांकडून पत्ता काढून टायपिंगबाई दोन बस बदलून तिथे पोचल्या. शिंपिणीने त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून म्हणाली, "अहो, तो तर मी विकला. फार चौकटी यायच्या."

"कुणाला?"

"एका गवंड्याला. त्याच्या बायकोला हवा होता. त्यांनाही येत असतील का हो?"

"येत असणार."

शिंपिणीने नंबर शोधून दिला. बाईंनी तो वहीत अठराव्या ओळीखाली लिहिला आणि पुढे एकोणीस आकडा टाकला. मग तिथेच, कापडाच्या तुकड्यांमध्ये उभ्या राहून त्यांनी फोन लावला.

"नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या संगणकावर लाल चौकट येते का?"

"येते," पलीकडून गवंडी म्हणाला. "तुम्हाला कसं कळलं?"

बाईंनी कसं ते सांगितलं. तो म्हणाला, तो कामावर आहे, बायको घरी असते, दुपारी चारनंतर या, कुत्रं आहे पण चावत नाही.