ताडपत्रीखालचा फुगवटा

भूत, भानामती, "पाणी बळी मागतं" – या सगळ्याला मी कायम थोतांडच म्हणत आले. नुसतं म्हणत नाही, तशी पत्रकं छापून सांगलीच्या बाजारात वाटते. त्यामुळे हे वाचून कुणी "बघा, शेवटी ही पण वळली" म्हणणार असेल तर आत्ताच सांगते – वळलेली नाही. मला फक्त उत्तर सापडत नाहीये...

माझा मामा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाला. वाईहून पाचगणीचा घाट लागायच्या अलीकडे त्याचं घर. पर्यटकांसाठी त्याने दोन खोल्या काढल्या आणि परसात स्विमिंग टँक बांधला. ना कुंपण, ना झाकण! शेजारच्या शेवंताकाकूंची दोन लहान पोरं दिवसभर तिथनंच ये-जा करायची. त्या वर्षी आमच्या पत्रकवाल्या गटाची मोहीमच होती – "उघडं पाणी झाका, लेकरं राखा". मजकूर माझा. मी मामाशी कचाकचा भांडले, तेव्हा कुठे त्याने ट्रकवर टाकतात तसली जाड ताडपत्री पाण्यावर पसरून कडेनं दोरीने बांधली.

आर्या ही मामाची एकुलती लेक, आठ वर्षांची. आमच्याकडे पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून पोहायला शिकवतात. विहिरीत आम्ही सगळे तसेच शिकलो. त्या दुपारी मामाने तिच्या पाठीला कॅन बांधला, पण ताडपत्री अर्धीच गुंडाळली. ओली ताडपत्री एकट्याला उचलत नाही. तेवढ्यात फोन आला म्हणून तो पुढच्या अंगणात गेला. आर्याने उडी मारली ती ताडपत्रीखाली गेली. कॅनने तिला वर ढकललं, आणि वर ताडपत्री. तिला कड सापडली नाही.

विहिरीवर ताडपत्री नसते, म्हणून हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. माझ्या पत्रकात अर्ध्या झाकणाबद्दल एक ओळ नव्हती.

मामाने टँक उपसला. चार दिवसांत परत भरला – कालव्याखालची जमीन, तळाला तडा, पाझर. यात गूढ काही नाही. बुजवायला मुरमाची ट्रॉली आणली, तर मामी आत उतरून उभी राहिली. "माज्या लेकीवर माती टाकता व्हय?" ट्रॉली परत गेली. कुंपण घातलं, तर मामी त्याचं दार उघडं ठेवते... लेक आली तर अडेल म्हणून.

मग शेवंताकाकूंनी मला गाठलं. "आगं ए पत्रकवाली! एक गेली, आता माजी दोन न्यायची हायती का? झाका म्हणून तूच वरडत हुतीस न्हवं?"

खोटं काय बोलल्या?

"ताडपत्री तूच बांध, पोरी," मामा म्हणाला. "माजा हात उचलत न्हाई."

दुपारचे बारा. वारा पूर्ण बंद. परसातल्या केळीचं पानही हलत नव्हतं, मी मुद्दाम बघितलं. तीन कडा बांधल्या. चौथीची दोरी ओवत होते, तेव्हा पलीकडे खोल टोकाला ताडपत्रीत फुगवटा आला – जेवायच्या ताटाएवढा. हवा अडकली असणार, म्हटलं. पण तो सरकला. एका कडेपर्यंत गेला, थांबला. मागे फिरून दुसऱ्या कडेला गेला. थांबला. अंधारात दार चाचपावं तसा.

"बेडूक आसंल," मामा म्हणाला.

"एवढा?"

"मग वारा."

"मामा, वारा कुठाय?"

फुगवटा माझ्या कडेला आला. मी तळहात ठेवून दाबला. खाली काहीतरी गोल आणि पोकळ होतं. ठक्क वाजलं... रिकामं प्लॅस्टिक वाजतं तसं. तो कॅन मामाने माझ्यासमोर जाळला होता.

मी ताडपत्री ओरबाडून वर केली. खाली स्वच्छ पाणी. तळाच्या फरश्या मोजता आल्या असत्या. बाकी काहीच नाही.

मामी मागच्या दारात उभी होती. "घावली का गं कड तिला?"

ती चौथी कड मला बांधवली नाही. तशीच मोकळी सोडून वाईला आले आणि एसटी धरली. साताऱ्याच्या स्टँडवर उतरताना डोक्यात आलं की मी काय करून आलेय. तिथूनच मामाला फोन लावला. "मामा, एकतर सगळी काढ, नाहीतर सगळी बांध! अशी ठेवू नकोस!"

तो म्हणाला, "कंचं करू, त्ये सांग की."

तापलेल्या ताडपत्रीखाली हवा अशी फिरू शकते का, हे मी फिजिक्सच्या एका सरांना विचारलं. फिरू शकते, म्हणाले. आवाजाचं सांगितलं तर त्यांनी विषय बदलला. तुमच्यापैकी कुणाला कळत असेल तर जरूर लिहा, पण मला देवऋषीचा पत्ता देऊ नका.

काढायची की बांधायची, हे मामाला मी अजून सांगितलेलं नाही. शेजारची पोरं येतील म्हणून तो उजाडल्यापासून टँकपाशी खुर्ची टाकून बसतो. मामीही शेजारी बसते. तो कुंपणाच्या दाराकडे बघतो आणि ती पाण्याकडे.