हलका क्लच

सुमनचा, माझ्या भावजयीचा, फोन आला तेव्हा मी नेसरीला, माझ्या घरी, दूध तापवत होते. "वन्सं, हे गेले," एवढंच म्हणाली. मी गॅस बंद केला आणि स्वच्छ असलेला ओटा पुसत बसले. पाठचा भाऊ गेला की काय करायचं असतं, कोण शिकवतं…

विजूचा जीव डोंगरात, चिखलात घालायच्या मोटारसायकलीवर. जोतिबामागची दगडांची चढण त्याची लाडकी. दोन उन्हाळ्यांमागं तिकडून आला तो डावा पंजा झटकतच. म्हणाला, "आक्का, क्लच लई जड झालाय." झालं! सगळं घर त्या क्लचच्या मागं लागलं. केबलीत तेल सोडलं, मग केबलच नवी घातली. तिची वळणं सैल केली. टोकाला धरता यावी म्हणून लिव्हर आत सरकवली, इंजिनाकडची दांडी लांब करून घेतली. दर वेळी चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा जड. मी मेस्त्रीला फोनवर इतकं झापलं, की तो माझा नंबर बघून उचलेना. आमचं माहेरचं गाव तालमीचं. इथं यंत्राला नावं ठेवतील, मनगटाला कोण ठेवणार? आमचे चुलते तर म्हणाले, पोराचं दूध वाढवा.

शेवटी स्प्रिंगा नरम घातल्या. लिव्हर लोण्यासारखी झाली, पण क्लच घसरायला लागला. चढणीवर इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. त्या दिवशी घरी आल्यावर विजूला शर्टाची बटणं काढता येईनात. तेव्हा कुठं आम्ही गाडी सोडून त्याला डॉक्टरकडं नेलं. नसांचा आजार, औषध नाही. हात गेले, पाय गेले, मग घास गिळणं. मी जोतिबाला साकडं घातलं, उपास धरले. आता देवाचं नाव काढलं की संताप येतो.

शेवटच्या भेटीत त्यानं नजरेनंच गाडी दाखवली. सोप्यातच उभी होती. मी खुर्ची जवळ ओढली, त्याची बोटं लिव्हरवर ठेवली, त्यांवर माझी ठेवून दाबली आणि म्हटलं, "बघ, वढलास की."

त्याला बोलायला फार वेळ लागला. "आक्का… तू वढलीस."

परवा एक पावणे गाडी बघायला आले होते. बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं. लिव्हर दाबून हसत म्हणाले, "लईच हलका केलाय की ओ, कुणासाठी?" सुमन उठून आत गेली. गाडी द्यायची न्हाई, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. मग मीच लिव्हरला एक बोट लावलं. काही जोर लागला नाही. एवढासुद्धा त्याच्या हातात उरला नव्हता…